मंगळवार-शनिवार सोडून

तमाम सज्जन, दुर्जन, शेजारीपाजारी आणि ज्यांना आमच्या घरी कधी ना कधी चावा बसला अशा सर्व मान्यवरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरात मंगळवारी आणि शनिवारी माकडाला मारण्यास सक्त मनाई होती. उरलेले पाच दिवस घरातल्या प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे मारावे, अशी मुभा होती. माकडावर मात्र असे कुठलेही बंधन नव्हते. ते सातही दिवस मारत असे.

हा जाहीरनामा मी परवा हिंदी मुलखातल्या आमच्या जुन्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, एका मोबाइलच्या दुकानात उभी राहून मनातल्या मनात वाचला. चौबे कॉलनीत माझ्या घराजवळ अशी दहा दुकानं आहेत, पण फोनच्या काचेला तडा गेला की माझी पावलं तात्यापाऱ्याकडेच वळतात. कारण हे दुकान जिथे आहे ती आमची बाहेरची खोली. घर भाड्याचं होतं, सोडलं त्याला तीसेक वर्षं झाली. जिथे बाबांची आरामखुर्ची असायची तिथे आता हेडफोन लटकतात. दुकानदार तिशीतला, मराठी घरातला. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

"मागचं अंगण आहे का रे अजून?"

"है ना आंटी. गोदाम बना दिए हैं."

"पाहू का जरा? तोवर तू काच बसव."

"हव, देख लो. चूहे हैं पर."

उंदरांना मी काय भिणार? ठाणेदाराच्या राज्यात वाढलेली बाई मी. अंगणावर पत्रा आलाय, खोक्यांच्या थप्प्या लागल्यात, पण पडवीचा सागवानी खांब तसाच आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याला चारी बाजूंनी खोबण पडलीये. बोट आत जाईल एवढी खोल, तेल लावल्यासारखी गुळगुळीत. साखळीची खोबण. मी बोट घातलं आणि गोल फिरवलं.

"कुछ बाँधते थे क्या इधर? गाय?" तो मागून डोकावला.

"ठाणेदार."

"क्या?"

"ठाणेदाराला बांधून ठेवत होतो आम्ही इथं. अन् मारत होतो."

तो हसला. वयस्क बायकांच्या बोलण्यावर जपून हसतात, तसं.

खोबणीतून बोट काढलं आणि वास आला. आला म्हणजे बोटाला नव्हता, बोटाला धूळ होती. पण ओल्या गोणपाटाचा, पिकलेल्या पेरूचा, आंबट केसांचा तो वास थेट नाकात शिरला, आणि त्याच्यामागून चमेलीच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा. हे दोन वास जिथे एकत्र येतात तिथे माझं बालपण, हातात फुंकणी घेऊन, कुणाच्या तरी मागे धावत असतं.

ठाणेदार म्हणजे आमचं माकड. नाव आईनं ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या थोबाडीत मारायचा, कुणाचीही झडती घ्यायचा, आणि पेरू हातावर ठेवला की प्रकरण मिटवायचा. दुसरं काय नाव ठेवणार? तो कुठून आला याच्या चार कथा आहेत, आणि चारही मीच सांगत आलेली असल्यामुळे माझा त्यांतल्या एकीवरही विश्वास नाही. मला खरंखुरं आठवतं ते इतकंच. उन्हाळ्याची दुपार. कूलरच्या ओल्या वाळ्याचा गारवा. दारातून आत्या आत आली ती पदर पोटाशी घट्ट धरून. पदरातून एक सुरकुतलेला, म्हाताऱ्यासारखा, गुलाबी चेहरा बाहेर आला, त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि जांभई दिली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्याच उन्हाळ्यात ती सासरहून कायमची आमच्याकडे आली होती, एक पत्र्याची पेटी घेऊन. का आली ते घरात कुणी बोलत नसे. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. पोळी लाटताना ती हवेत ताठ उभी राहत. मी दहा वर्षांची. मला वाटे ही आत्याची ऐट आहे. मग मीही पोळी लाटताना दोन बोटं हवेत धरायला लागले. आईनं एकदा पाहिलं आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातला की पोळपाटावर नाक आपटलं. कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे रट्ट्याचं कारण विचारायची पद्धत नव्हती.

पहिले दोन-तीन महिने ठाणेदार आत्याच्या अंगावरच राहिला. ती भांडी घासायची तेव्हा पाठीवर, तांदूळ निवडायची तेव्हा मांडीवर. दुपारी घर निजलं की दोघं अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली बसत. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवी, मग तो उठून तिच्या मागे जाई आणि तिचा अंबाडा सोडून एकेक केस बाजूला सारत बसे. फार गंभीरपणे. मधेच काहीतरी सापडल्यासारखं करी आणि तोंडात टाकी. आत्या डोळे मिटून बसे. मुनग्याची पांढरी बारीक फुलं दोघांच्या अंगावर पडत. त्या तासाभरात आत्या काहीबाही बोलायची, फक्त त्याच्याशी. आम्ही जवळ गेलो की गप्प. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, एक पेटी आणि एक माकड.

मग त्याला दात आले. म्हणजे होतेच, पण ते कशासाठी असतात हे त्याला कळलं.

त्यानं पहिल्यांदा बाबांचा रेल्वेचा कोट फाडला, मग कोटासाठी ओरडणाऱ्या बाबांचा सदरा. आईच्या हातातून परात हिसकून तिच्याच डोक्यात घातली. बाबांनी खांबाला साखळी ठोकली. आणि तेव्हापासून आमच्या घरात एक नियमित, शिस्तबद्ध, सहकुटुंब मारामारी सुरू झाली. प्रत्येकाचं शस्त्र ठरलेलं. आईची फुंकणी, चूल गेली तरी तिनं ती यासाठी जपून ठेवली होती. बाबांची वेताची काठी. माझी लाकडी पट्टी, जिच्यावर मी पेनानं 'तलवार' असं लिहिलं होतं. ठाणेदाराकडे नखं, दात, आणि साखळीच्या टप्प्यात येईल ती प्रत्येक वस्तू. सकाळी साडेआठला तो गुरगुरे, पावणेनऊला काहीतरी फुटे, नऊला आईचा आवाज लागे, "मेल्या, तुया मुर्दा उचलला!" आणि फुंकणीचा ठप्प असा बसका आवाज येई. मला तो आवाज अजून आवडतो. खोटं कशाला बोलू?

मारात मधे पडायची ती आत्या. कुणी काठी उचलली की ती न बोलता त्याच्यापुढे जाऊन बसायची. फुंकणी एकदा तिच्याच खांद्यावर बसली. आई रडायला लागली, "वन्सं, काहून मधे आल्या वं तुम्ही?" आत्यानं खांदा चोळलासुद्धा नाही. "लागत नाही मले," म्हणाली आणि ठाणेदाराला पोटाशी घेऊन बसून राहिली.

आता नियमाकडे येते. बाबा अंगानं आडवे, रागानं तापट आणि भक्त मारुतीचे. मंगळवारी आणि शनिवारी ते अंघोळ करून अनवाणी गल्लीच्या टोकाच्या देवळात जात. येत ते कपाळावर शेंदराचा ओला, केशरी, अंगठ्याएवढा टिळा आणि कागदाच्या पुडीत गूळ-फुटाणे घेऊन. आल्या आल्या ठाणेदाराची साखळी सोडत. देवाच्या वारी देवाच्या माणसाला बांधून ठेवतात का? मग त्याच्यापुढे उकिडवे बसत, तो तळवा पुढे करी, बाबा त्यावर फुटाणे ठेवत. चार फुटाणे तो खाई, पाचवा बाबांच्या कपाळाला लावून बघे. शेंदूर बोटाला लागला की तो बोट हुंगे. खात्री पटली, की आज आपल्याला कुणी हात लावणार नाही. मग तो उठे, अंग झाडे, आणि कामाला लागे.

कॅलेंडर आम्ही भिंतीवर पाहायचो, तो बाबांच्या कपाळावर पाहायचा.

काय काय केलं त्यानं त्या वारांना! पोस्टमन मंगळवारची पत्रं बुधवारी आणायला लागला. दूध घालणारा राऊत आमच्या दारापासून वीस पावलांवर उभा राहून आधी ओरडायचा, "बेंदरा कहाँ हे, दीदी?" आणि आई म्हणायची, "आजा भैया, छत पे है," तोवर तो छतावरून राऊताच्या पागोट्यावर आलेला असायचा. मीही संत नव्हते. एका शुक्रवारी मी त्याला लाडू दिला, आत लाल मिरच्यांचा ठेचा भरून. तो नाचला, लोळला, जीभ अंगणाच्या फरशीवर घासत सुटला, आणि मी टाळ्या पिटल्या. त्यानं ओरडाआरडा करून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. शनिवारी सकाळी साखळी सुटली. पाचवा फुटाणा, शेंदूर, बोट हुंगणं. मग तो सरळ माझ्याकडे चालत आला, घाई नाही काही नाही, मांडीवर चढून बसला, आणि माझा डावा कान तोंडात घेतला.

कानाची पाळी तुटते तेव्हा आवाज येतो. कानातच येत असल्यामुळे चांगला मोठा येतो, कोवळी काकडी मोडावी तसा. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घेतली मी. चौदा दिवस मोठ्या दवाखान्याच्या बाकावर फ्रॉक वर करून झोपायचं आणि छताच्या पंख्याचे फेरे मोजायचे. आजही डाव्या कानात मी डूल घालू शकत नाही. लग्नात फोटोग्राफर म्हणाला, इकडून नको घ्यायला. मी म्हणाले, इकडूनच घे.

आणि तिवारीण चाचींचा पोपट. शेजारी राहायच्या त्या, मोठ्या मायेच्या. पोपट 'थानेदार साहब, नमस्ते' म्हणायला शिकला होता. एका शनिवारी ठाणेदार भिंत ओलांडून गेला, पिंजऱ्याची कडी काढली, आणि मटाराच्या शेंगा सोलाव्यात तसा तो पोपट सोलला. एकेक पीस. आम्ही भिंतीवरून पाहतोय. पोपट नमस्ते म्हणत होता. शेवटी म्हणेना. आई फुंकणी घेऊन धावली, तर चाचींनीच तिचा हात धरला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पायांशी हिरव्या पिसांचा ढीग, आणि त्या हात जोडून म्हणत होत्या, "ना दीदी, ना. आज शनिवार है. हाथ मत लगाना." रविवारी बाबांनी त्याची भरपाई केली. काठी चिरली. आत्या मधे बसली होती, तिच्या दंडावर वळ उठले. संध्याकाळी मी पाहिलं, दोघं मुनग्याखाली बसून एकमेकांचे वळ चाचपत होते.

असं किती दिवस चाललं असतं? मला वाटतं, कायम. आम्ही सगळे सरावलो होतो. पण एका मंगळवारी, दिवेलागणीला, बाबा त्याला पुन्हा साखळी लावत होते आणि त्यानं बाबांचं उजवं मनगट धरलं. चावला म्हणणं कमी आहे. त्यानं दात रोवले आणि डोकं डावी-उजवीकडे हलवलं, चिंधी फाडताना कुत्रं हलवतं तसं. रक्त आधी आलंच नाही, पांढरं काहीतरी दिसलं, मग एकदम धार लागली. बाबांच्या डाव्या हातात काठी होती. ती त्यांनी वर उचलली. आणि थांबले. कपाळावरचा टिळा घामानं नाकावर ओघळलेला, ओठ दातांखाली, मनगटातून रक्त फरशीवर टपटप पडतंय, आणि काठी हवेत. "अजून मंगळवार आहे," ते स्वतःलाच म्हणाले. ठाणेदारानं तोंड पुसलं, आणि तो कौलांवर चढला.

बुधवारभर तो खाली आला नाही. कौलं खाली आली. एक घंगाळ्यात, एक तुळशीवर, एक आईच्या पायावर. बाबा दवाखान्यातून पहिलं इंजेक्शन घेऊन आले, मनगटाला कोपरापर्यंत पट्टी. पडवीत उभे राहून त्यांनी वर पाहिलं.

"बस झालं. आमच्या ऑफिसचे वर्मासाहेब शुक्रवारी येऊन राहिले, बंदूक घेऊन."

आत्या ओट्याशी होती. ती बाहेर आली. "बाळ्या, बंदूक नको रे. धरून जंगलात सोडून दे त्याले."

"कोण धरन? तू?"

"मी धरते."

"मंग धर. उद्या संध्याकाळलोक टाइम देतो तुले. धरला तं जंगल, नाही तं बंदूक." मग बाबांचा आवाज खाली आला. "ताई, मी लेकराचा बाप आहो वं. उद्या पोट्टीचा डोळा काढला तं?"

आत्यानं मान हलवली. बाबांचं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

ती शिडीवर चढली. बुधवारी चार वेळा, गुरुवारी सकाळपासून किती ते मोजलं नाही. पस्तिशी ओलांडलेली बाई, पदर खोचून, त्या दोन ताठ बोटांनी शिडी धरत. कौलांच्या कडेला बसून ती त्याला केळं द्यायची. तो तिच्या हातून खायचा, तिच्या केसांत हात घालायचा. पण तिनं कमरेत खोचलेल्या दोरीला हात लावला रे लावला, की आढ्यावर. खाली बाबा दिसले की आढ्याच्या पलीकडे. दुपारी तीनच्या उन्हात कौलं तव्यासारखी तापलेली, आणि आत्या वर बसून म्हणतेय, "ये रे बाप्पा, ये. आज नाही आला तं उद्या मारतीन रे तुले." तो आपला शेपटीतली पिसू शोधतोय.

शक्कल माझी होती. मी आजवर ही गोष्ट शंभर मैफलींत सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी इथे थांबून दाद घेतली आहे. मी पायरीवर बसून पेरू खात होते आणि म्हणाले, "बाबांले शेंदूर लावा ना. त्याले वाटन आज शनिवार आहे."



"गुरुवारी?" बाबा म्हणाले. "पाप लागते, पोट्टे."

"अन् माह्या कौलांचं पाप कोणाले लागून राहिलं?" आई पाय धरून बसली होती. "लावा गुमान."

आत्या शिडीवरून उतरली. "फसवायचं का त्याले?" तिनं विचारलं. "या घरातली एवढी एकच गोष्ट समजते त्याले."

ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. थोड्या वेळानं ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती तिची केसांना लावायची चमेलीच्या तेलाची बाटली घेऊन आली. देव्हाऱ्यातला शेंदूर मी आणला. वाटीत तेल-शेंदूर आत्यानंच कालवला. बाबा अंघोळ करून आले, ओले, अनवाणी, अगदी शनिवारसारखे. उकिडवे बसले. मी अंगठ्यानं त्यांना टिळा लावला. बाबांचं कपाळ गार होतं.

"मारशीन नाही ना?" आत्या म्हणाली.

"नाही मारत."

"माही शपथ घे."

"तुही शपथ."

आई गोणपाटाचं पोतं घेऊन दाराआड उभी राहिली. बाबांच्या डाव्या हातात फुटाण्यांची पुडी. आत्या खांबापाशी. मी पायरीवर, पुढच्या रांगेत.

वास वर गेला असणार. आढ्यावरून एक डोकं दिसलं. बराच वेळ ते डोकं बाबांच्या कपाळाकडे पाहत राहिलं. मग ठाणेदार उतरला. उडी नाही, धाव नाही. मुनग्याच्या फांदीवरून खोडावर, खोडावरून फरशीवर, कामावरून घरी येणाऱ्या माणसासारखा. बाबांच्या पुढ्यात बसला आणि तळवा पुढे केला. बाबांनी फुटाणे ठेवले. चार खाल्ले. पाचवा कपाळाला लावला, बोट हुंगलं.

आई पाऊल टाकत मागून येत होती. अजून दोन पावलं. तेवढ्यात ठाणेदाराला ती पांढरी पट्टी दिसली. औषधाचा वास त्याला नवा होता. त्यानं पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

बाबा किंचाळले. मी बाबांना तसं किंचाळताना पुन्हा कधी ऐकलं नाही. डावा हात मागे गेला, काठी भिंतीशी टेकवलेली होतीच. पहिला फटका पाठीवर. ठाणेदार पळाला नाही. तो जागच्या जागी बसून बाबांच्या कपाळाकडे पाहत राहिला, मान तिरकी करून, पुन्हा एकदा नीट. दुसरा फटका त्याच्या हातावर बसला, तोच फुटाण्यांचा हात, आणि मुनग्याची वाळकी फांदी मोडते तसा आवाज झाला. मी टाळ्या पिटायला हात उचलले होते. ते तसेच राहिले.

तिसऱ्यासाठी काठी वर गेली, आणि त्यानं उडी घेतली. आत्या चार हातांवर होती, पण तो तिच्याकडे गेला नाही. तो बाबांच्या छातीवर गेला. चांगला हात गळ्यात टाकला, मोडका तसाच लोंबत, दोन्ही पायांनी सदरा घट्ट धरला, आणि तोंड बाबांच्या मानेत खुपसलं. लहान पोर जत्रेत घाबरून बापाला धरतं तसं. बाबांच्या कपाळाचा शेंदूर त्याच्या डोक्याच्या केसांना लागला. बाबा उभे, काठी वर, आणि मारायचं ते गळ्यात पडलेलं.

तेव्हा आत्या बोलली.

पुढचं थोडक्यात सांगते. बंदूक आली नाही. बाबा दुसऱ्या दिवशी वर्मासाहेबांकडे जाऊन काय बोलले कोण जाणे. ठाणेदाराच्या हाताला आत्यानं बांबूच्या खपाट्या बांधल्या, आणि महिनाभर तो साखळीविना घरात राहिला. त्या महिन्यात आमच्याकडे कुणी कुणावर हात उचलला नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं होई, सकाळचे नऊ वाजले की कान टवकारून बसायची. बाबा बुधवारीही त्याच्यापुढे उकिडवे बसत, फुटाणे ठेवत. तो घेत नसे. कपाळाला हात लावत नसे. फक्त आत्याच्या हातून खाई, आणि तेही आधी तिचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहून. हात जुळला तेव्हा आत्या आणि बाबा त्याला टोपलीत घालून बसनं धमतरीच्या पुढच्या जंगलात घेऊन गेले. दिवस कलता दोघं परत आली. आत्यानं टोपली पडवीत ठेवली, पाय धुतले आणि आईला म्हणाली, "वळून बी नाही पाह्यलं मेल्यानं." हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं की आईनं चहा टाकता टाकता तिच्याकडे रोखून पाहिलं. पुढे आत्या गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायला लागली, पायमशीन घेतली, आणि शेवटी माझ्याकडे, चौबे कॉलनीतल्या घरात, ऐंशी ओलांडून गेली. सासरचं एक पत्र आलं होतं मधे कधीतरी. ते तिनं न फोडता मशीनच्या पायाखाली घातलं, मशीन हलत होती म्हणून.

"आंटी, ग्लास लग गया," दुकानदार हाक मारतो. मी खांबापासून उठते. गुडघे वाजतात. काच छान बसलीये, माझा चेहरा दिसतो तिच्यात, अर्ध्या कानासकट.

हे सगळं मी मैफलीत सांगते तेव्हा टिळ्याच्या शक्कलीवर थांबते. लोक हसतात, टाळ्या देतात, मी पाणी पिते. पुढचं सांगत नाही. पण परवा त्या पत्र्याखाली उभी होते तर नेमकं तेच ऐकू येत होतं. बाबांचा वर गेलेला हात, त्यांच्या गळ्यात ते थरथरणारं माकड, दोन पावलांवर पोतं धरून गोठलेली आई, आणि आत्या. घरात आल्यापासून जिचा चढा आवाज आम्ही ऐकला नव्हता ती आत्या, दोन्ही हातांनी माकडाला मागे ओढत, भिंतीपलीकडे तिवारीण चाचींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली:

"अरे सोड त्याले, मूर्खा! मारणाऱ्याले बिलगलं म्हणून मार थांबत नाही रे, बारा वर्ष बिलगून पाह्यलं मी!"